राडब्रुख प्रकरण: १९३२ चे पुस्तक, १९४६ चा लेख आणि मधली बडतर्फी

अन्याय्य कायद्यालाही कायदाच म्हणायचे का, यावरचा इंग्लिश कायदेतत्त्वज्ञ हार्ट आणि अमेरिकन कायदेपंडित फुलर यांचा वाद शिकवताना जर्मन कायदेपंडित गुस्ताव राडब्रुख यांचे नाव बहुतेक वेळा एका परिच्छेदात उरकले जाते. परिच्छेद ठरलेला असतो. नाझी येण्याआधी हे गृहस्थ कट्टर पॉझिटिव्हिस्ट, म्हणजे 'कायदा तो कायदा, तो बरा की वाईट हा प्रश्न वेगळा' असे मानणारे. मग बारा वर्षांचा अंधार पाहून त्यांचे डोळे उघडले आणि १९४६ मध्ये ते नैसर्गिक कायद्याच्या, म्हणजे 'न्यायाला सोडून असलेला कायदा कायदाच नव्हे' असे मानणाऱ्यांच्या, पंथाला लागले. गोष्ट सुटसुटीत आहे आणि परीक्षेत गुणही मिळतात. पण राडब्रुख यांची नोकरीची कारकीर्द आणि त्यांचे लेखन साल लावून शेजारी ठेवले, की ती टिकत नाही. बदल झाला, हे खरे. तो नेमका कुठे झाला, हे या प्रकरणात तपासायचे आहे.

सोळा वर्षे बिनखुर्चीची

राडब्रुख यांचा जन्म २१ नोव्हेंबर १८७८ चा, ल्युबेकचा. म्युनिक, लाइप्झिश आणि बर्लिन इथे शिक्षण झाले. १९०२ मध्ये बर्लिनला फ्रान्झ फॉन लिस्ट यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळाली, विषय फौजदारी कायद्यातला कार्यकारणभाव. पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, हायडेलबर्गला कार्ल फॉन लिलिएन्थाल यांच्याकडे हाबिलिटात्सिऑन झाले. त्या प्रबंधाचा विषय होता फौजदारी कायद्यातली 'कृती' ही संकल्पना. वय जेमतेम पंचवीस.

त्या काळच्या जर्मन विद्यापीठाची शिडी इथे समजून घ्यावी लागते, कारण पुढचे बरेच काही तिच्यावर टांगलेले आहे. डॉक्टरेट झाली म्हणजे शिकवता येते असे नाही. त्यासाठी दुसरा मोठा प्रबंध लागतो, तोच हाबिलिटात्सिऑन. तो मान्य झाला की शिकवण्याचा परवाना मिळतो आणि माणूस प्रिवाट्डोत्सेन्ट होतो. नाव भारदस्त, पण पगार नाही. विद्यार्थी ज्या व्याख्यानाला नाव नोंदवतील त्याची फी मिळायची, तीच कमाई. त्यावरची पायरी असाधारण प्राध्यापकाची आणि सर्वांत वर ऑर्डिनारियुस, म्हणजे खुर्चीचा मालक. खुर्ची अर्ज करून मिळत नसे, तिचे 'बोलावणे' यावे लागे. प्राध्यापक मंडळ साधारणपणे तीन नावांची यादी पाठवी आणि नेमणूक करी राज्याचे मंत्रालय. म्हणजे दोन दारे, आणि दुसऱ्या दाराशी सरकार उभे. प्राध्यापक हा सरकारी नोकर, ही गोष्ट १९३३ साठी लक्षात ठेवायची.

राडब्रुख यांना १९१० मध्ये हायडेलबर्गला असाधारण प्राध्यापकाचा दर्जा मिळाला, पण मंजूर पदाविना. मानहाइमच्या वाणिज्य महाविद्यालयातही ते शिकवत. १९१४ मध्ये क्योनिग्सबेर्गचे असाधारण प्राध्यापकपद आले आणि पाठोपाठ युद्ध. आधी रेड क्रॉसमध्ये काम, मग शिपाई म्हणून आघाडीवर. पूर्ण खुर्ची मिळाली ती १९१९ मध्ये कीलला. हाबिलिटात्सिऑनपासून मोजली तर सोळा वर्षे.

या सोळा वर्षांकडे 'उमेदवारी' म्हणून काणाडोळा केला जातो, आणि तिथेच पहिली चूक होते. राडब्रुख नेमणुकीने फौजदारी कायद्याचे माणूस. तत्त्वज्ञान त्यांना भेटले हायडेलबर्गच्या मंडळींत. तिथे तत्त्वज्ञ विंडेलबांड आणि एमिल लास्क होते, समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांच्या घरची बैठक होती. 'जे आहे' त्यातून 'जे असावे' ते काढता येत नाही, हे नवकांटवादी, म्हणजे कांट यांचा विचार नव्याने मांडणाऱ्यांचे, सूत्र त्यांनी इथून उचलले. १९१४ च्या त्यांच्या कायद्याच्या तत्त्वज्ञानाच्या पहिल्या ग्रंथात त्यातून सापेक्षतावाद आला: अंतिम मूल्यांपैकी कुठले श्रेष्ठ, हे विज्ञानाने सिद्ध करता येत नाही. व्यक्ती, समूह की संस्कृतीची निर्मिती, यांत निवड करायची ती विवेकाने. याच काळात त्यांचे मित्र हेर्मान काण्टोरोविच 'मुक्त कायदा' चळवळीचे प्रवक्ते झाले होते. कायद्यात फटी असतात आणि त्या न्यायाधीशच भरतो, हे उघड कबूल करा, असे ही चळवळ म्हणे. राडब्रुख तिच्या अगदी जवळ होते. 'कट्टर पॉझिटिव्हिस्ट' हे लेबल १९१४ च्या आधीच असे सैल पडते.

मंत्रालयातले सव्वा वर्ष

१९२० ते १९२४ ते सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे राइशटागमधले, म्हणजे जर्मन संसदेतले, खासदार होते. त्याच्या ऐन तोंडावर, मार्च १९२० मध्ये, प्रजासत्ताक उलथवण्यासाठी उजव्यांचे, काप यांचे बंड झाले. कीलमध्ये राडब्रुख आणि कायदेपंडित हेर्मान हेलर मध्यस्थीला गेले आणि बंडवाल्यांच्या अटकेत अडकले. प्रसंग जिवावर बेतणारा होता.

न्यायमंत्रिपद दोनदा आले: ऑक्टोबर १९२१ पासून सुमारे वर्षभर चॅन्सेलर विर्ट यांच्या मंत्रिमंडळात, आणि ऑगस्ट १९२३ पासून जेमतेम अडीच-तीन महिने चॅन्सेलर श्ट्रेझेमान यांच्या. इतक्या कमी दिवसांत त्यांच्या हातून झालेले काम पाहण्यासारखे आहे. ११ जुलै १९२२ च्या कायद्याने स्त्रियांना न्यायाधीशपदासह न्यायव्यवस्थेतली सर्व पदे खुली झाली. १९२२ मध्येच त्यांनी नव्या दंडसंहितेचा मसुदा मांडला. त्यात देहदंड नव्हता, सक्तमजुरीचा बदनाम तुरुंग नव्हता, आणि राजकीय वा धार्मिक निष्ठेपोटी गुन्हा करणाऱ्यासाठी वेगळ्या, अपमान न करणाऱ्या कैदेची तरतूद होती. मसुदा कपाटात गेला. १९२५ च्या सरकारी मसुद्यात देहदंड परत आला. राडब्रुख यांचा मूळ मजकूर छापून आला तो १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर.

याच वर्षातली दुसरी फाइल मात्र अवघड आहे. २४ जून १९२२ ला परराष्ट्रमंत्री राटेनाउ यांचा खून झाला आणि २१ जुलैला प्रजासत्ताकाच्या संरक्षणाचा कायदा आला. सरकारातल्या लोकांना मारण्यासाठी टोळी करणाऱ्यांना त्यात देहदंड ठेवलेला होता. देहदंडाचे विरोधक असलेले न्यायमंत्रीच हा कायदा घेऊन सभागृहात उभे राहिले. चरित्रकार इथे जरा घाईने पुढे सरकतात, सरकू नये. सुव्यवस्था धोक्यात आली की मनातला न्याय मागे ठेवून कायद्याची निश्चितता आधी, हा पेच त्यांनी पुस्तकात मांडण्याआधी मंत्रालयात सही करून भोगलेला आहे.

तिसरी फाइल आपल्या प्रश्नासाठी सर्वांत मोलाची: एमिल गुम्बेल यांची. गुम्बेल हे संख्याशास्त्रज्ञ. त्यांनी राजकीय खुनांचा हिशेब मांडला: १९१९ ते १९२२ या काळात उजव्यांकडून ३५४ खून, डाव्यांकडून २२. त्या ३५४ पैकी ३२६ ना शिक्षाच नाही. आकडे अपुरे होते तेव्हाच, १९२१ मध्ये, खासदार राडब्रुख यांनी ही प्रकरणे तपासा अशी मागणी केली. मंत्री झाल्यावर स्वतःच्या खात्याकडून अहवाल करवून घेतला. खात्याने तो छापला नाही. शेवटी १९२४ मध्ये गुम्बेल यांनीच तो प्रसिद्ध केला. म्हणजे वायमार काळातले (नाझींच्या आधीच्या प्रजासत्ताकातले) न्यायाधीश कायद्याचा शब्द कितपत पाळतात, हे जर्मनीत ज्या मोजक्यांना कागदोपत्री ठाऊक होते, त्यांत राडब्रुख होते.

१९२६ मध्ये ते हायडेलबर्गला पूर्ण प्राध्यापक म्हणून परतले. १९२८ मध्ये पुन्हा न्यायमंत्रिपद देऊ केले गेले, ते त्यांनी नाकारले.

१९३२: ठरलेली वाक्ये आणि वगळलेले वाक्य

१९३२ चा ग्रंथ ही त्या १९१४ च्या पुस्तकाची तिसरी आवृत्ती, पण जवळजवळ नव्याने लिहिलेली. कायद्याच्या कल्पनेत तीन घटक आहेत, असे तो सांगतो: न्याय (म्हणजे सारख्यांना सारखी वागणूक), हेतुपूर्ती आणि कायद्याची निश्चितता. तिघे एकमेकांना ओढतात. योग्य काय हे सिद्ध करता येत नसेल, तर निदान काय चालेल हे कुणीतरी ठरवून द्यावे लागते. म्हणून निश्चिततेचे पारडे जड. पॉझिटिव्हिझमचे समर्थन इथे सापेक्षतावादातून येते. सत्तेपुढे मान तुकवण्याशी त्याचा संबंध नाही.

यापुढचा उतारा सगळे उद्धृत करतात. स्वतःच्या श्रद्धेविरुद्ध प्रवचन देणाऱ्या धर्मोपदेशकाचा आपल्याला तिटकारा येतो. पण स्वतःची न्यायबुद्धी वेगळे सांगत असतानाही कायद्याशी इमान राखणाऱ्या न्यायाधीशाचा आपण आदर करतो, असा त्याचा आशय. मात्र त्याच विवेचनात आणखी एक गोष्ट आहे, जी सहसा वगळली जाते: काही कायदे लज्जास्पद असू शकतात आणि माणसाचा विवेक त्यांचे पालन नाकारू शकतो. नागरिकाला ही वाट १९३२ मध्येच मोकळी होती. बंद होती ती न्यायाधीशाला.

पुढचे सगळे प्रकरण या एका फरकावर उभे आहे.

मे १९३३: कलम चार

७ एप्रिल १९३३ चा कायदा 'व्यावसायिक सनदी सेवेची पुनर्स्थापना' अशा साळसूद नावाने आला. प्राध्यापक सरकारी नोकर असल्याने तो त्यांना थेट लागू झाला. त्यातले कलम तीन 'अनार्यांसाठी' होते. आघाडीवर लढलेल्यांना त्यात सूट होती. कलम चार राजकीय होते: आजवरच्या राजकीय वर्तनावरून 'राष्ट्रीय राज्या'शी नेहमी बिनशर्त एकनिष्ठ राहण्याची खात्री जो देत नाही, त्याला काढता येईल. आघाडीच्या सेवेची सूट या कलमाला नव्हती. म्हणून राडब्रुख यांची शिपाईगिरी त्यांच्या कामी आली नाही. मे १९३३ मध्ये त्यांना काढले.

कलमातला हिशेबही पाहण्यासारखा आहे. बडतर्फीनंतर तीन महिने पूर्ण पगार, नंतर निवृत्तिवेतनाच्या तीन चतुर्थांश रक्कम. आणि सेवा दहा वर्षांपेक्षा कमी भरली तर तेही नाही. तरुण अध्यापक यात पुरते उघड्यावर पडले. पन्नाशीतल्या, दहा वर्षे भरलेल्या ऑर्डिनारियुसला घर चालवता येत होते. राडब्रुख देशातच राहून लिहू शकले, त्यामागे धैर्य होतेच, पण ही रुक्ष तरतूदही होती.

तरतुदीचा मजकूर बघा. सगळे कलमवार आणि क्रमांकासह. अपवादही लिहून ठेवलेले. बाहेरून सारे कायद्यासारखेच दिसते. 'कायदा तो कायदा' या तत्त्वाची धार स्वतःच्या नेमणूकपत्रावर चालताना त्यांनी पाहिली.

पुढची बारा वर्षे रिकामी नव्हती. १९३४ मध्ये त्यांचा सापेक्षतावादावरचा निबंध फ्रान्समध्ये फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाला. आपली मूल्ये सिद्ध करता येत नसतील, तर दुसऱ्याच्या मतालाही जागा द्यावी लागते. म्हणून सापेक्षतावादातूनच लोकशाही, कायद्याचे राज्य, सत्तेची विभागणी निघते, असा त्याचा युक्तिवाद. नाझी सत्तेच्या दुसऱ्या वर्षी तो छापणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. त्याच वर्षी व्हिएन्नात फॉयरबाख यांचे चरित्र निघाले. १८१३ च्या बव्हेरियन दंडसंहितेचे शिल्पकार आणि 'कायद्यावाचून शिक्षा नाही' या सूत्राला आकार देणारे हे फॉयरबाख. सूत्र पुढे लागणार आहे. १९३५-३६ चे वर्ष ऑक्सफर्डला गेले, आणि त्यातून इंग्लिश कायद्यावरचे छोटेखानी पुस्तक तयार झाले, प्रसिद्ध झाले १९४६ मध्ये. घरात मुलगी १९३९ मध्ये हिमकड्याखाली गेली, मुलगा स्टालिनग्राडला पडला.

१९४६ चा लेख: चार पाने, चार फाइली

१९४५ मध्ये राडब्रुख यांना खुर्ची परत मिळाली आणि कायदा शाखेचे अधिष्ठातापदही. सप्टेंबरमध्ये वृत्तपत्रात आलेल्या 'पाच मिनिटां'च्या टिपणाचा सूर तापलेला होता: न्याय जाणूनबुजून नाकारणारे कायदे वैध नाहीत, लोकांनी ते पाळायचे कारण नाही, आणि त्यांना कायदा म्हणायचे नाकारण्याचे धैर्य कायदेपंडितांनी दाखवावे. ऑगस्ट १९४६ चा, दक्षिण जर्मनीतल्या वकिली नियतकालिकातला लेख त्याहून थंड डोक्याने लिहिलेला आहे. जेमतेम चार पानांचा. सुरुवात तत्त्वज्ञानाने होत नाही. ती होते 'हुकूम तो हुकूम' आणि 'कायदा तो कायदा' या नाझींच्या दोन सूत्रांनी, आणि लेख लगेच चालू खटल्यांकडे वळतो.

पहिले प्रकरण थुरिंगियातले. पुट्फार्केन नावाच्या लिपिकाने एका व्यापाऱ्याविरुद्ध चुगली केली. व्यापाऱ्याने शौचालयाच्या भिंतीवर हिटलर सामूहिक खुनी असल्याचे आणि युद्धाचा दोष त्याचाच असल्याचे लिहिले होते. तो परदेशी रेडिओही ऐकत असे. त्याला देहदंड झाला. युद्धानंतर नॉर्डहाउझेनच्या न्यायालयाने लिपिकाला खुनातला साथीदार ठरवून जन्मठेप दिली. दुसरे प्रकरण न्यायाधीशांचे, तिसरे सॅक्सनीतले, पूर्व आघाडीवरून पळून अटकेतून सुटताना पहारेकऱ्याला मारणाऱ्या सैनिकाचे. चौथे हालेमधले: फाशी देणाऱ्याच्या दोन मदतनिसांना देहदंड.

राडब्रुख सगळ्यांना एका मापाने मोजत नाहीत, आणि लेखाची खरी किंमत इथे आहे. चुगलखोराबाबत ते विचारतात: त्याने न्यायालयाला हत्यार म्हणून वापरले का, त्याचा इरादा काय? न्यायाधीशांबाबत खून सिद्ध करायचा तर त्यांनी न्याय जाणूनबुजून वाकवला हे दाखवावे लागते. लिखित कायद्याशिवाय दुसरे काही न शिकलेल्या न्यायाधीशाचा असा हेतू होता, हे कसे म्हणणार? वर, वेगळा निकाल दिला तर स्वतःच्या जिवावर बेतेल, हा बचाव उरतोच. तो मान्य करणे क्लेशदायक आहे, असे ते म्हणतात, पण लपवत नाहीत. फाशी देणाऱ्यावरची शिक्षा तर त्यांना पटतच नाही: निकाल तपासणे हे त्याचे काम नव्हे.

राडब्रुख यांच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र येते ते या सगळ्याच्या मध्ये. त्याचे तीन भाग सुटे करून वाचावेत. एक: सत्तेने लागू केलेला कायदा अन्याय्य आणि निरुपयोगी असला तरी सामान्यतः त्यालाच अग्रक्रम. दोन: पण कायदा आणि न्याय यांतला विरोध असह्य पातळीला पोचला, तर तो 'चुकीचा कायदा' म्हणून न्यायापुढे माघार घेतो. तीन: जिथे न्यायाचा प्रयत्नच नाही, जिथे न्यायाचा गाभा असलेली समानता कायदा करतानाच जाणीवपूर्वक नाकारली, तिथे तो मुळी कायदाच नव्हे. काही माणसांना अर्धमानव ठरवणारे कायदे ते या तिसऱ्या खणात टाकतात.

पहिला भाग विसरून फक्त दुसरा आणि तिसरा सांगण्याची चूक सर्रास होते. १९३२ ची निश्चितता पहिल्या भागात जशीच्या तशी बसलेली आहे. समानतेचे मापही १९३२ चेच. नवे आहे ते इतकेच, की लज्जास्पद कायद्याला नकार देण्याची जी मुभा नागरिकाच्या विवेकाला होती, ती आता न्यायालयाला कायदेशीर अधिकार म्हणून मिळाली. त्यातही कुंपण आहे: प्रत्येक न्यायाधीशाने आपल्या मर्जीने कायदे रद्द करत सुटू नये, ते वरच्या न्यायालयाने किंवा विधिमंडळाने करावे. बारा वर्षे निश्चिततेची वाट लावल्यावर आता तिचीच गरज जास्त, हे त्यांचे कारण. नैसर्गिक कायद्याचा नवदीक्षित इतका जपून बोलत नाही.

लेखाचा कच्चा दुवा वेगळाच आहे. पॉझिटिव्हिझमने जर्मन कायदेपंडितांना मनमानी आणि गुन्हेगारी कायद्यांपुढे निःशस्त्र केले, असे राडब्रुख ठामपणे लिहितात. हे विधान पुढे पाठ्यपुस्तकांत गेले, कारण ते शेकडो न्यायाधीशांच्या सोयीचे होते: आमचा दोष नाही, आमच्या शिक्षणाचा दोष. पण ३५४ आणि २२ चा हिशेब पाहिलेल्या माणसाने हे लिहावे? वायमारचे न्यायाधीश प्रजासत्ताकाचा कायदा शब्दशः पाळत असते, तर ३२६ खून शिक्षेविना राहिले नसते. आणि नाझी काळातल्या कायदेपंडितांनी उलट कायद्याच्या अक्षराला झिडकारून 'निकोप लोकभावना' पुढे आणली. १९३५ मध्ये कायद्यात नसलेल्या कृत्यालाही तिच्या आधारे शिक्षा देण्याची वाट उघडली. फॉयरबाख यांच्या सूत्राचा तो थेट खून होता. या मुद्द्यावर मंत्री राडब्रुख यांची साक्ष प्राध्यापक राडब्रुख यांच्याविरुद्ध जाते, आणि विश्वास ठेवावा तो मंत्र्यांवर.

सूत्र न्यायालयात

२३ नोव्हेंबर १९४९ ला राडब्रुख गेले, एकाहत्तर पूर्ण करून दोन दिवसांनी. त्याच वर्षीच्या मूलभूत कायद्याने, म्हणजे राज्यघटनेने, पश्चिम जर्मनीतला देहदंड संपवला होता.

हार्ट यांनी १९५८ मध्ये ज्या खटल्यावरून राडब्रुख यांच्या सूत्रावर टीका केली, तो बामबेर्गच्या उच्च न्यायालयाचा २७ जुलै १९४९ चा निकाल. नवऱ्याची चुगली करणाऱ्या बायकोचा. हार्ट यांच्या हाती आलेला वृत्तान्त चुकीचा होता. न्यायालयाने नाझी कायदा रद्द ठरवलाच नव्हता. बायकोचे वागणे बेकायदा ठरवले होते. चूक १९६० मध्ये दाखवून दिली गेली, तरी वर्गांत जुनी आवृत्ती अजून फिरते.

सूत्र खरोखर वापरले गेले ते दुसरीकडे. १४ फेब्रुवारी १९६८ ला संघीय घटनात्मक न्यायालयाने, देशाबाहेर राहणाऱ्या ज्यूंचे नागरिकत्व काढणारा नोव्हेंबर १९४१ चा हुकूम मुळापासून शून्य ठरवला. हे तिसऱ्या भागाचे सरळ उदाहरण. त्यानंतर बर्लिनची भिंत पडली आणि पळणाऱ्यांवर गोळ्या झाडणाऱ्या पूर्व जर्मन पहारेकऱ्यांचे खटले आले. ३ नोव्हेंबर १९९२ ला संघीय न्यायालयाने 'असह्य' हे माप लावले, पण त्याला मानवी हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारांची जोड दिली. २४ ऑक्टोबर १९९६ ला घटनात्मक न्यायालयाने ते उचलून धरले. इथे फॉयरबाख यांचे सूत्र समोर ठाकले, कारण कृत्याच्या वेळी देशाचा कायदा गोळीला सूट देत होता. न्यायालयाने म्हटले, असह्य अन्यायावर बेतलेल्या सुटीला विश्वासाचे (त्या वेळच्या कायद्यावर विसंबल्याचे) संरक्षण नाही. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने मार्च २००१ मध्ये तोच निकाल टिकवला, मात्र वेगळ्या वाटेने: पूर्व जर्मनीची स्वतःची घटना आणि कायदे वाचले तरी या हत्या गुन्हाच ठरत होत्या.

ग्रंथाची नवी आवृत्ती राडब्रुख यांच्या हातून झाली नाही. एरिक वोल्फ यांनी १९५० मध्ये काढलेल्या चौथ्या आवृत्तीत मुख्य मजकूर १९३२ चाच आहे. १९४६ चा लेख मागे, परिशिष्टात.